नकाशा काढण्याआधी खड्डे काढा

वाचकाचं पत्र

नमस्कार. वाटणीत आम्हाला कागल तालुक्यात 15 गुंठे रान आलं आहे. पट्टा साधारण 70 फूट रुंद आणि 230 फूट लांब. खालच्या टोकाला पाणंद आणि तिच्यापलीकडं ओढा, वरच्या टोकाला माळ. खालची जमीन काळीभोर आहे, तिथं वर्षानुवर्षं ऊस होतो. वरचा तिसरा हिस्सा तांबूस, मुरमाड आणि पडीक आहे. खोडवा जानेवारीत कारखान्याला जाईल, त्यानंतर पाडव्याला पायाभरणी करायचा विचार आहे. 900 चौरस फुटांचं बैठं घर, थोडा भाजीपाला आणि 20-25 फळझाडं असा बेत आहे. रस्ता जवळ म्हणून घर पाणंदीला लागून बांधायचं आणि वर माळावर दोन डंपर लाल माती टाकून बाग करायची, असं ठरवलंय. गवंडी म्हणतात, पाच फूट पाया घेतला की काळजी नाही. पण शेजारी तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या आहेत. गवंडी म्हणतात, त्या प्लास्टरच्या आहेत. आमच्याकडं मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात सामू (पीएच) 8.2, क्षारता 0.4 आणि सेंद्रिय कर्ब 0.45 टक्के असे आकडे आहेत. खताचा दुकानदार जिप्सम टाका म्हणतो. माती तर तपासून झाली आहे, आता आणखी काय बघायचं?
(एक वाचक, इचलकरंजी)

सल्ला

नमस्कार.

तुमच्या बेतात आम्ही एकच बदल सुचवतो, पण तो मुळातला आहे. घर आणि बाग यांच्या जागांची अदलाबदल करा. घर वर मुरमाच्या माळावर घ्या, बाग खाली काळीत आणि मधल्या उतारावर करा. ज्या मातीत पीक जोमात येतं ती पायाला बहुधा वाईट असते, आणि जिथं कुसळी गवताशिवाय काही टिकत नाही तिथं घर निर्धास्त उभं राहतं. तुमच्या एकाच पट्ट्यात दोन्ही प्रकार आहेत, हे चांगलंच झालं. फक्त कुठं किती फुटांवर काय लागतं, हे वरच्या रंगावरून ठरवू नका. आधी खड्डे घ्या, मग नकाशा काढा.

पत्रिकेपासून सुरुवात करू. ती खोटी नाही, पण ती वरच्या सहा-आठ इंच मातीची आहे. पिकाला लागणारं नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षार आणि कर्ब एवढंच ती सांगते. तीन फुटांवर चिकण आहे की मुरूम, ती माती भिजली की किती फुगते, चौरस मीटरला किती टन भार घेते, यातलं काहीही तिच्यात नसतं. आरोग्य पत्रिका बघून पाया ठरवता येत नाही, आणि बांधकामासाठी केलेल्या तपासणीवरून खत ठरवता येत नाही. या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि तुमची निम्मीच झाली आहे.

शेजारच्या भेगांबद्दल आमचं मत गवंड्यांपेक्षा वेगळं आहे. प्लास्टरच्या भेगा केसासारख्या बारीक असतात, जाळीसारख्या कुठंही पसरतात, आणि एकदा पडल्या की तेवढ्याच राहतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, वर जाताना रुंदावणारी भेग पाया हलल्याची खूण असते. शेजाऱ्यांना विचारा: मे महिन्यात भेग उघडते आणि श्रावणात मिटते का? पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं का? उत्तर हो असेल तर खाली फुगणारी काळी माती आहे, हे धरून चाला. खात्री करायची असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा, मधोमध रुंदी मोजून ठेवा, आणि तेच माप मे अखेर व ऑगस्टमध्ये पुन्हा घ्या.

काळी माती असं का करते, तेही समजून घ्या. आपल्या भागातला काळा पाषाण झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात, सुकले की आकसतात. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या, हात जाईल अशा भेगा त्यामुळंच पडतात. सगळं घर सारखं वर गेलं आणि सारखं खाली आलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण घराखालची माती ओलसर राहते आणि कडेची माती उन्हानं सुकते. एका बाजूला शेजारच्या उसाचा पाट वाहतो आणि दुसरी बाजू कोरडी पडते. मग घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, आणि भिंत तिच्या सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात फाटते. तुमच्या खालच्या जागेत हा धोका दुप्पट आहे, कारण एका अंगाला ओढ्याचा ओलावा आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचं पाटपाणी.

'पाच फूट पाया' हे माप कुठून येतं? ज्या गावात चार फुटांवर मुरूम लागतो, तिथून. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, तर पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. आजरा, चंदगड, राधानगरीकडं जांभ्याची तांबडी माती, कृष्णा-पंचगंगेच्या काठाला खोल काळी आणि मळीची, मध्ये कुठं माळ तर कुठं चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली जमीन. एवढ्या फरकात एकच माप चालणार नाही. पाया किती फूट, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाया कशावर टेकला, हे विचारायला हवं. काळीत सात फूट जाऊन काळीवरच टेकलेला पाया हलतो, आणि माळावर अडीच फुटांवर कठीण मुरमात बसलेला पाया हलत नाही.

आता खड्ड्यांचं काम. ऊस तुटून गेला की पाणी बंद करा आणि पंधरा-वीस दिवसांनी, रानाला वाफसा आल्यावर, जेसीबी बोलवा. चार खड्डे पुरेत: दोन माळावर घराच्या जागेच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एक मधल्या उतारावर, एक खाली काळीत. प्रत्येक खड्डा कठीण थर लागेपर्यंत, नाहीतर आठ-दहा फुटांपर्यंत न्या. काळीतला खड्डा चार-पाच फुटांपेक्षा खोल झाला की आत उतरू नका. तिची बाजू सूचना न देता ढासळते. बकेटनं वर काढलेली माती थरानुसार वेगवेगळ्या ढिगात टाकायला सांगा आणि तिथंच बघा. काम झालं की त्याच दिवशी खड्डे बुजवा. पाणी किती चढतं ते बघायला खालचा तेवढा रात्रभर उघडा ठेवा आणि त्याला काटेरी कुंपण घाला. खालचा खड्डा झाडाच्या जागी घेऊ नका, कारण बुजवलेली माती नंतर कित्येक वर्षं बसत राहते.

जेसीबी यायच्या आधी आसपासच्या दोन-तीन विहिरी बघून या. विहिरीच्या न बांधलेल्या भागात सगळे थर उघडे दिसतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. विहीर खणताना कुठं सुरुंग लावावा लागला, हे मालकाला विचारा. खडक किती खोल आहे, ते तिथंच कळतं. वर काय उगवतं तेही बघा. तरवड आणि कुसळी गवत दाट असेल तिथं माती उथळ असते. लव्हाळा माजला असेल तिथं पाणी साचतं. उन्हाळ्यात पांढरी पापडी धरत असेल तर क्षार वर येत आहेत.

खड्ड्यातली काळी माती हातात घ्या. ओलसर ढेकूळ फोडलं की आतले पृष्ठभाग घासून गुळगुळीत केल्यासारखे चकाकताना दिसतील, तिरके, एकमेकांवर सरकलेले. फुगताना आणि आकसताना मातीचे तुकडे एकमेकांवर घासून ही चकाकी येते. ती तीन-चार फुटांखालीही दिसत असेल तर तिथपर्यंत माती हलते आहे, हे उघड आहे. पांढरे खडे दिसले तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडी. ते प्रमाण बागेच्या वेळी उपयोगी पडेल. पाझर दिसतो का, किती फुटांवर दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी किती चढलं, हे लिहून ठेवा. खालच्या खड्ड्यात फेब्रुवारीत पाच फुटांवर पाणी लागत असेल तर पावसाळ्यात ते जमिनीलगत येईल.

मुरूम लागला म्हणजे काम संपलं असं नाही. यात तीन ठिकाणी फसगत होते, आणि आमच्या मते खेड्यातल्या बांधकामात पैसा बुडतो तो बहुतेक इथंच. पहिली गोष्ट: पिवळसर, हाताला मऊ लागणारा मुरूम कोरडा असताना टणक वाटतो आणि भिजला की चिकण होतो. त्याचं मुठीएवढं ढेकूळ पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला नुसता चिखल उरला तर त्या थरावर टेकू नका, आणखी खाली जा. कडा शाबूत राहिल्या, थोडीशीच पूड पडली, तर मुरूम चांगला. दुसरी गोष्ट: आपला काळा पाषाण झिजताना कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो आणि मध्ये गोल धोंडा शिल्लक राहतो. खणताना एका कॉलमच्या खड्ड्यात असा धोंडा लागतो, पहार टणकन वाजते, 'खडक लागला' म्हणून खणणं थांबतं, आणि बाकीचे कॉलम मुरमावर बसतात. मग धोंड्यावरचा कॉलम जागचा हलत नाही, बाकीचे थोडे बसतात, आणि भेग पडते. म्हणून प्रत्येक खड्ड्याच्या तळाला चारी कोपऱ्यांत आणि मधोमध पहार मारून बघा. पाचही ठिकाणी सारखाच आवाज आणि सारखाच रोध हवा. एकाच ठिकाणी वाजली तर धोंडा काढून टाका. तिसरी गोष्ट: कधी कधी दोन खडकांच्या मध्ये विटकरी रंगाचा, मऊ, गेरूसारखा पट्टा लागतो. तो भिजला की सुटतो. त्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमखालची रुंद काँक्रीटची बैठक, बसवू नका.

काळी किती फुगते, हे घरीही अजमावता येतं. माती उन्हात, मग तव्यावर मंद आचेवर पूर्ण वाळवा, बारीक कुटून वस्त्रगाळ करा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशी 100 मिलीची दोन मोजपात्रं घ्या, प्रत्येकात 10 ग्रॅम माती टाका. एकात रॉकेल आणि दुसऱ्यात शुद्ध, म्हणजे बॅटरीत घालतात ते पाणी भरा. काडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि 24 तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये थर 10 मिलीवर आणि पाण्यात 17 मिलीवर दिसला तर फुगवटा 70 टक्के झाला. 50 टक्क्यांच्या आत असेल तर फुगण्याचा धोका कमी, 50 ते 100 मध्यम, 100 च्या वर गंभीर. ही चाचणी भारतीय मानकात आहे आणि बांधकामाची माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काटेकोर होते. घरच्या आकड्यावर पाया ठरवू नका, पण खालच्या जागेचा नाद सोडायला तो पुरेसा आहे. प्रयोगशाळेत जाताना घराच्या जागेतला, फुटिंग टेकणार त्या खोलीचा नमुना न्या आणि भार सोसण्याची क्षमता लेखी मागा. आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला तोच आकडा लागतो.

समजा माळावरच्या दोन्ही खड्ड्यांत दोन-तीन फुटांवर चांगला मुरूम लागला. मग वरची माती पूर्ण काढा, कठीण मुरमात किमान एक फूट आत शिरा, तळ सपाट करा, चार इंच पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट) आणि त्यावर फुटिंग. माळाला उतार आहे, म्हणून एक चूक हमखास होते: वरची बाजू कापायची, तोच मुरूम खालच्या बाजूला भरायचा, आणि निम्मं घर कापलेल्या जमिनीवर, निम्मं भरावावर उभं करायचं. भराव कितीही धुम्मस केला तरी थोडा बसतोच, आणि भेग बरोबर त्या सांध्यावर पडते. सगळी फुटिंग मूळच्या मुरमातच बसवा. खालच्या बाजूचे कॉलम त्यासाठी जास्त खोल जातील, जाऊ द्या. भराव फक्त फरशीखाली, तोही आठ-आठ इंचांचे थर करून, प्रत्येक थराला पाणी मारून आणि रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून. पायाच्या खड्ड्यात भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. बाहेरून चारही बाजूंना पाच फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा करा. पन्हाळीचं पाणी त्याच्याही पलीकडं न्या. माळावरून पावसात वाहत येणारं पाणी अडवायला घराच्या वरच्या अंगाला एक चर खणून ती कडेनं खाली सोडा.

रस्ता लांब पडतो, ही तुमची अडचण खरी आहे. हिशेब करून बघू. काळीतून जाणारा भाग साधारण 120 फूट येईल. दहा फूट रुंदीत वरची एक फूट काळी काढून नऊ इंच डबर रचलं तर 900 घनफूट, म्हणजे 9 ब्रास लागतं. त्यावर सहा इंच दाबलेला मुरूम 6 ब्रास होतो. दाबल्यावर तो आटतो, म्हणून 8 ब्रास मागवा आणि रॉयल्टीची पावती घ्या. दोन्ही कडांना चरी ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात डबर काळीत रुतून बसेल. वरचा मुरमाड भाग नुसता सारखा केला तरी चालतो. हा खर्च खालच्या जागेच्या पायापुढं किरकोळ आहे. खाली काळी सहा फुटांच्या आत संपत असेल तर मुरमापर्यंत जाणं जमण्यासारखं आहे. पण ती दहा-बारा फूट असेल तर तळाला फुगवटा असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, कराव्या लागतात. त्या किमान साडेतीन मीटर खोल जातात आणि वरची बीम जमिनीपासून तीनेक इंच अधांतरी ठेवावी लागते, म्हणजे माती फुगली तरी तिला ढकलत नाही. काम खात्रीचं आहे, पण त्याला जाणता इंजिनिअर आणि वेगळी यंत्रं लागतात. 900 फुटांच्या घरासाठी, वर चांगली जागा असताना, आम्ही हा मार्ग सुचवणार नाही. शिवाय ओढा आहेच. 2019 आणि 2021 च्या पावसात त्याचं पाणी कुठवर आलं होतं, हे जुन्या जाणत्यांना विचारा आणि तिथं खुंटी मारा. निळी आणि लाल पूररेषा नद्यांसाठी आखलेली असते, प्रत्येक ओढ्यासाठी ती मिळेलच असं नाही. बांधकामाची परवानगी आणि सरकारी मोजणी या गोष्टी खड्ड्यांच्या बरोबरीनंच सुरू करा, त्यांना वेळ लागतो. पाडव्याचा मुहूर्त साधायला हरकत नाही. जागा आणि थर त्याआधी नक्की झालेले असले म्हणजे झालं.

बागेकडं वळू. लाल मातीचे दोन डंपर रद्द करा. मुरमावर फूटभर लाल माती टाकली की तिच्याखाली मुळं अडतात, उन्हाळ्यात ती दोन दिवसांत सुकते आणि वळवाच्या पहिल्या सरीत निम्मी वाहून जाते. डोंगर खरवडून आणलेली ती माती तुमच्या काळीपेक्षा सुपीकही नसते. खाली स्वतःचं सोनं असताना माती विकत आणू नका. माळावर घराभोवती सावलीसाठी सीताफळ, आवळा, बोर, कडुलिंब असं काटक लावा, तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन, आणि खड्डा खालून आणलेली काळी माती दोन वाटे व शेणखत एक वाटा यांनी भरा.

मधला उतार ही तुमची सर्वांत चांगली जागा ठरण्याची शक्यता आहे. दोन-तीन फूट काळी आणि खाली मुरूम असेल तर आंबा, चिकू, लिंबू, पेरू इथंच लावा. वर ओल धरणारी माती आणि खाली पाणी सोडणारा थर, फळझाडाला याहून जास्त काही लागत नाही. 25 झाडं 20 फुटांवर लावायची म्हटलं तर 10,000 चौरस फूट लागतात. घर, अंगण, रस्ता आणि भाजीचे वाफे वजा जाता तुमच्याकडं तेवढी जागा उरत नाही. 15 झाडांवर थांबा, पुढं छाटणीचे आणि किडीचे त्रास वाचतील.

खालच्या खोल काळीत मात्र झाडासाठी खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरायची पद्धत घातक आहे. भोवतालची चिकण पाणी सोडत नाही, पावसाळाभर खड्ड्यात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. लावायचंच असेल तर जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच, चार फूट रुंदीचा वरंबा करून त्याच्या माथ्यावर लावा. आधी निचरा मोजा: फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीनं बघा. इंचाहून जास्त उतरलं तर ठीक. अर्धा इंचही उतरलं नाही तर तिथं आंबा-लिंबू नको. जांभूळ तिथं तग धरतं. भाजीसाठी तीन-चार फूट रुंदीचे, आठ-दहा इंच उंचीचे गादीवाफे करा, पहिल्या वर्षी चौरस मीटरला 8-10 किलो कुजलेलं शेणखत घाला. ओल्या काळीत पाय ठेवू नका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटानं टोचा. फुटला तर वाफसा आहे, नुसता खळगा पडला तर दोन दिवस थांबा.

उसाच्या रानात ट्रॅक्टर-ट्रॉलीनं दाबून आठ-बारा इंचांवर कडक थर तयार झालेला असतो. लोखंडी सळई हातानं टोचून बघा, ती एकाच खोलीवर सगळीकडं अडत असेल तर तो थर आहे. एप्रिल-मेमध्ये रान पूर्ण सुकल्यावर सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, फिरवा. ओल्यात फिरवलात तर थर फुटत नाही, त्यात फक्त फट पडते. पाचट जाळू नका, सरीत पसरून कुजवा. जूनमध्ये आठेक गुंठ्यांना 4-5 किलो ताग पेरा आणि 45-50 दिवसांनी, फुलावर येताना गाडा. 0.45 टक्के कर्ब मध्यम आहे, तो वर न्यायचा हाच स्वस्त मार्ग. फळझाडांसाठी मातीचा नवा नमुना घ्या, आणि तो एक फूट, दोन फूट, तीन फूट असा वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकी अर्धा किलो. बांधाजवळून, झाडाखालून, उकिरड्याच्या जागेवरून किंवा खत टाकल्यापासून तीन महिन्यांच्या आत नमुना घेऊ नका. कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत देताना मुक्त चुनखडी आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) या दोन गोष्टी मुद्दाम मागा. चुनखडी 10 टक्क्यांच्या वर निघाली तर लिंबू आणि पेरूची कोवळी पानं पिवळी पडतील, शिरा हिरव्या राहतील. ती लोहाची कमतरता असते. तेव्हा नत्र ओतत बसू नका. फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्या.

जिप्समचं उत्तर त्या सोडियमच्या आकड्यात आहे. 8.2 सामू आणि 0.4 क्षारता यांवरून जिप्सम टाकायचं कारण दिसत नाही. विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5 च्या वर गेला की जमीन चोपण समजतात. तेव्हा जिप्सम लागतं, तेही तपासणीत निघालेल्या प्रमाणात, आणि सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचरा असेल तरच. शिरोळ, हातकणंगल्याकडं ज्यांची रानं बिघडली, त्यांना पाणी कमी करून आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करावा लागतो. नुसत्या पोत्यांनी ते काम होत नाही. तुमच्या खालच्या टोकाला उन्हाळ्यात पांढरी पापडी धरत असेल तर पोत्यांवर खर्च करण्याआधी तीन फूट खोल चर ओढ्याच्या दिशेनं काढा.

राहिला शोषखड्डा. नकाशात तो शेवटी घुसडतात, तसं करू नका. काळीत तो वर्षभरात तुंबतो, म्हणून तोही वर मुरमात घ्या, घरापासून किमान 6 मीटर आणि पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर. फुटलेल्या मुरमातून पाणी लांब पळतं, म्हणून उताराच्या खाली विहीर किंवा बोअर असेल तर हे अंतर जितकं वाढवता येईल तितकं वाढवा. त्याच्याही जागेवर आधी वरचीच निचरा चाचणी करा, पण खड्ड्याचा तळ शोषखड्ड्याच्या खोलीला ठेवून. पाणी एक इंच उतरायला तासाहून जास्त वेळ लागला तर जागा बदला.